परदेशचा पगार आणि घरचा कर

कोंकणांतील गांवांना मनिऑर्डरीची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. घरचा कर्ता मुलगा मुंबईच्या गिरणींत किंवा गोदींत राबावयाचा, आणि त्याच्या कष्टाचे रुपये पोस्टमन गांवीं आणून द्यावयाचा. गोव्यांतील अनेक घरांत असाच पैसा बोटीवर नोकरीस असलेल्या माणसाकडून येई. पुढें मुलगे दुबईस गेले, लंडनला गेले, अमेरिकेस गेले. मनिऑर्डरीची जागा बँकेनें घेतली. परंतु एक गोष्ट या सर्वांत समान राहिली. पैसा दुरून येई, कारण माणूस दूर गेलेला असे.

आतां माणूस घरींच असतो आणि पैसा तेवढा दुरून येतो. पुण्यास कोथरूडमध्यें किंवा नागपुरास धरमपेठेंत एखाद्या घराच्या मागल्या खोलींत संध्याकाळीं दिवा लागतो, संगणक सुरू होतो, आणि त्या घरची मुलगी किंवा सून बोस्टन येथील एखाद्या पेढीच्या कामास बसते. तिच्या मालकाची कचेरी तिनें पाहिलेली नसते; मालकानें तिचें शहर नकाशांतहि शोधलेलें नसतें. २०२० सालच्या साथीनें जगांतील कचेऱ्यांना कुलुपें लागलीं, तेव्हांपासून ही रीति फार वाढली. महिन्याच्या अखेरीस डॉलर येतात, त्यांचे रुपये होतात, आणि आंकडा पाहून घरच्या वडील माणसांना धन्यता वाटते. ती वाटावी यांत गैर कांहीं नाहीं. मात्र त्या आंकड्यापैकीं आपला किती आणि सरकारचा किती, हा प्रश्न विचारणारा कोणी त्या व्यवहारांत उरलेला नसतो.

येथील नोकरींत तो प्रश्न कचेरींतील पगाराचा कारकून विचारतो, आणि त्याचें उत्तरहि तोच देतो. ज्यानें तीस वर्षें सरकारी खात्यांत किंवा बँकेंत नोकरी केली त्यानें आपला प्राप्तिकर बहुधा कधीं स्वतःच्या हातानें भरलेला नसतो. कारकून दर महिन्यास कर कापतो, तो सरकारांत भरतो, भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के बाजूस काढून मालकाची तितकीच भर त्यांत घालतो, व्यवसायकर वळता करतो, आणि वर्षाअखेर 'फॉर्म १६' नांवाचा कागद हातांत ठेवतो. नोकरदार मनुष्य त्या कपातीबद्दल कुरकुरतो. पण ती कपात म्हणजे एक चाकरीच असते, आणि ती विनामूल्य मिळत असते. परदेशस्थ मालकाची या देशांत कचेरी नसेल तर हा कारकूनहि नसतो. कायद्याच्या शब्दांप्रमाणें पाहिलें तर पगार देणारा कोणीहि असो, त्यानें कर कापून घेतला पाहिजे. परंतु ज्याची येथें कचेरी नाहीं व करकपातीचा नोंदणी क्रमांकहि नाहीं असा मालक तसें सहसा करीत नाहीं. तो पुरा पगार पाठवितो. त्यामुळें कारकुनाचें सगळें काम मागल्या खोलींतील त्या मुलीच्या शिरावर येऊन पडतें, आणि पुष्कळदा तिला तें कळलेलेंहि नसतें.

या बाबतींत घरोघर दोन समज ऐकूं येतात. पहिला असा कीं, परदेशांतून आलेल्या पैशावर कर नसतो. हा समज अगदींच निराधार उत्पन्न झालेला नाहीं. अमेरिकेंत राहणारा मुलगा आपल्या आईबापांस पैसे पाठवितो तेव्हां त्या रकमेवर आईबापांना खरोखरच कर द्यावा लागत नाहीं, कारण जवळच्या नातेवाइकानें दिलेली देणगी ही कायद्यानें उत्पन्नांत धरलेली नाहीं. शेजारच्या घरांत दहा वर्षें असे पैसे येत आहेत आणि त्यावर कर नाहीं, हें पाहिलेल्या गृहस्थास आपल्या मुलीच्या खात्यांत आलेले डॉलरहि त्याच जातीचे वाटतात. पण शेजाऱ्याकडे आली ती देणगी होती. मुलीकडे आला तो मेहनताना आहे. वाट एकच, बँक एकच, नाणेंहि एकच. तरी दोहोंचा स्वभाव निराळा.

दुसरा समज असा कीं, मालक अमेरिकेचा, तेव्हां कर अमेरिकेनें कापला असेलच. येथें मूळ तत्त्व नीट समजून घेतलें पाहिजे. मेहनतीच्या उत्पन्नावर कर बसवितांना बहुतेक देश आधीं हें पाहतात कीं मेहनत कोठें झाली. पैसे देणाऱ्याची पेढी कोठें आहे हा प्रश्न मागाहून येतो. अमेरिकेचा कायदाहि असाच आहे. जो अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाहीं, त्यानें अमेरिकेबाहेर बसून केलेल्या कामाचा मोबदला अमेरिकन पेढीनें दिला तरी तें उत्पन्न अमेरिकेंत उपजलेलें मानीत नाहींत. म्हणून त्यावर तेथें कर नाहीं, आणि तेथील वार्धक्यविम्याची वर्गणीहि नाहीं. भारत आणि अमेरिका यांच्यामध्यें दुहेरी कर टाळण्याविषयीं १२ सप्टेंबर १९८९ रोजीं दिल्लींत करार झाला व तो डिसेंबर १९९० मध्यें अंमलांत आला. त्यांतहि पगाराविषयीं हेंच सूत्र आहे. जेथें माणूस राहतो त्या देशानें कर घ्यावा. त्यानें दुसऱ्या देशांत जाऊन काम केलें तरच दुसऱ्या देशाचा प्रश्न निघतो.

अमेरिकन पेढीला ही वस्तुस्थिति कागदावर हवी असते. त्यासाठीं काम करणाऱ्याकडून 'डब्ल्यू-८बेन' नांवाचा एक छापील कागद भरून घेतात. आपण अमेरिकेचे नागरिक नसून अमुक देशाचे रहिवासी आहोंत, असें त्यांत सही करून सांगावयाचें असतें. सही केलेल्या वर्षानंतरचीं तीन पंचांगवर्षें संपेपर्यंत तो कागद चालतो, मग नवा द्यावा लागतो. हा कागद न दिल्यामुळें पेढीनें चुकून कर कापलाच, तर तो परत मिळविण्यासाठीं त्या देशाकडे अर्ज करीत बसावें लागतें. येथील सरकार अशा नाहक कापलेल्या कराची वजावट देण्यास बांधलेलें नाहीं. पांच मिनिटांच्या कागदानें हा सगळा व्याप टळतो.

या तत्त्वास एक मोठा अपवाद आहे, आणि तो पुण्यामुंबईंतील कित्येक घरांना लागू पडतो. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगांत कोठेंहि राहोत कर बसविते. तेथें वीस वर्षें राहून, तेथील नागरिकत्व घेऊन मग आईबापांसाठीं परत आलेला मुलगा पुण्यांत बसून अमेरिकन पेढीचें काम करीत असेल, तर त्याला दोन्ही देशांना हिशेब द्यावा लागतो, आणि वार्धक्यविम्याची अमेरिकन वर्गणीहि सुटत नाहीं. त्याचें प्रकरण जाणत्या हिशेबनिसाकडेच सोंपविलें पाहिजे. येथें पुढें जें सांगावयाचें आहे तें भारतीय नागरिक असलेल्या व भारतांतच राहणाऱ्या माणसाविषयीं आहे.

अशा माणसाचा कर भारतास द्यावयाचा, हें ठरलें. यापुढचा प्रश्न जरा कठिण आहे, आणि खरें द्रव्य त्याच प्रश्नांत अडकलेलें असतें. ही मुलगी त्या पेढीची नोकर आहे, कीं स्वतंत्र धंदा करणारी? प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल, पण आंकडे मांडल्यावर त्याचें वजन कळतें.

समजा, तिला महिना तीन हजार डॉलर मिळतात, आणि हिशेबाच्या सोयीसाठीं डॉलर पंचाऐंशी रुपयांचा धरला. महिन्यास २,५५,००० रुपये झाले, वर्षास ३०,६०,०००. ती नोकर असेल तर २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करपद्धतींत ७५,००० रुपयांची ठराविक वजावट मिळून २९,८५,००० रुपये करपात्र राहतात. पहिल्या चार लाखांवर कांहीं नाहीं. पुढें चार चार लाखांच्या पायऱ्यांनीं पांच, दहा, पंधरा, वीस आणि पंचवीस टक्के. चोवीस लाखांच्या वर तीस टक्के. हें त्रैराशिक शाळेंतल्या मुलालाहि येईल. पायऱ्यांचे मिळून तीन लाख, वरच्या ५,८५,००० रुपयांचे १,७५,५००, आणि एकंदरीवर चार टक्के उपकर. सारे मिळून ४,९४,५२० रुपये. म्हणजे खात्यांत येणाऱ्या दर महिन्याच्या रकमेपैकीं एकेचाळीस हजारांहून थोडे अधिक रुपये पहिल्या दिवसापासून तिचे नसतात.

आतां तीच मुलगी स्वतंत्र व्यावसायिक आहे असें समजूं. वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुशिल्पी, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार अशा नेमून दिलेल्या व्यवसायांसाठीं १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यांत ४४-एडीए म्हणून एक कलम होतें. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख आहे त्या २०२५ च्या नव्या कायद्यांतहि ती सोय ठेविलेली आहे. वर्षाची जमा पन्नास लाखांच्या आंत, किंवा जवळजवळ सारी जमा बँकेमार्फत आली असल्यास पंच्याहत्तर लाखांच्या आंत असेल, तर जमेचा अर्धा भाग नफा समजून त्यावरच कर द्यावा, खर्चाच्या पावत्या ठेवूं नयेत, असा तिचा आशय. या हिशेबानें १५,३०,००० रुपये करपात्र होतात आणि कर उपकरासह १,१३,८८० रुपये. दोहोंतील अंतर ३,८०,६४० रुपयांचें! काम तेंच, खुर्ची तीच, खोली तीच. केवळ नांव बदललें.

एवढें अंतर दिसल्यावर मनुष्याला आपण स्वतंत्र व्यावसायिक आहोंत असें वाटूं लागलें तर नवल नाहीं. कित्येक हिशेबनीसहि हाच सल्ला डोळे मिटून देतात. परंतु नोकरी कीं धंदा हें कागदावरील मथळ्यावरून ठरत नाहीं, खऱ्या संबंधावरून ठरतें. कामाच्या वेळा मालक ठरवितो काय? रजा मागून घ्यावी लागते काय? काम कसें करावें हें वरिष्ठ सांगतो कीं फक्त काय करावें तेवढें ठरलेलें आहे? दुसऱ्या कोणाचें काम घेण्यास मनाई आहे काय? आपल्या ऐवजीं दुसऱ्यास बसवून काम करून घेतां येईल काय? न्यायालयें अशा खुणा पाहत आलेलीं आहेत. ज्या मुलीचा एकच मालक आहे, ठरलेली वेळ आहे, वर्षाची पगारवाढ आहे आणि पेढीच्या नांवाचा ई-मेल पत्ता आहे, तिनें आपल्याला व्यावसायिक म्हणवून अर्धें उत्पन्न झांकणें हें धाडस आहे; खात्यानें पुढें करार मागितला तर उत्तर देणें जड जाईल. उलट जी तीनचार पेढ्यांचीं कामें घेते, आपल्या सोयीनें तीं करते, प्रत्येक कामाचें बिल पाठविते आणि एखाद्यानें पैसे बुडविले तर तो तोटा स्वतः सोसते, तिला त्या कलमाचा आधार पुरेपूर घेतां येतो, आणि तिनें तो अवश्य घ्यावा. या दोन टोंकांच्या मध्यें पुष्कळ लोक असतात. त्यांनीं करारावर सही करण्यापूर्वींच तो वाचून घ्यावा, मार्च महिन्यांत नव्हे.

मार्चचा उल्लेख आला तो आगाऊ कराकडे नेतो. ज्याचा कर मालक कापीत नाहीं आणि ज्याचें वर्षाचें देणें दहा हजार रुपये किंवा अधिक आहे, त्यानें तो वर्ष चालू असतांनाच हप्त्यांनीं भरावयाचा असतो. १५ जूनपर्यंत पंधरा टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकंदर पंचेचाळीस, १५ डिसेंबरपर्यंत पंच्याहत्तर आणि १५ मार्चपर्यंत सगळा. अर्धा नफा धरण्याची वरील सोय घेणाऱ्यास मात्र एकच हप्ता, १५ मार्चचा. नव्यानें असे काम करूं लागलेल्या बहुतेकांना हें ठाऊक नसतें. विवरणपत्र जुलैंत भरावयाचें, तेव्हां करहि जुलैंतच द्यावयाचा अशी त्यांची समजूत असते. वरच्या उदाहरणांतील मुलीनें वर्षभर कांहींच न भरतां जुलैंत सगळा कर दिला, तर हप्ते चुकल्याचें व्याज सुमारें २५,००० रुपये आणि एप्रिलपासून चार महिन्यांचें दरमहा एक टक्का व्याज जवळजवळ २०,००० रुपये, असे मिळून ४४,७०० रुपयांच्या आसपास जादा द्यावे लागतील. त्याहून वाईट म्हणजे मूळचे ४,९४,५२० रुपये त्या वेळीं खात्यांत असतीलच असें नाहीं. तोंपर्यंत घराचें कर्ज घेतलेलें असतें, मोटारीचा पहिला हप्ता गेलेला असतो, धाकट्या भावाची फी भरलेली असते. कर बुडविण्याचा कोणाचाच हेतु नसतो; फक्त परक्याचा पैसा आपल्या पैशांत मिसळून गेलेला असतो. पगार आला कीं त्याच दिवशीं कराचा भाग दुसऱ्या खात्यांत टाकणें एवढाच यावर इलाज आहे. तें खातें आईच्या नांवावर नसून स्वतःच्याच नांवावर असावें हें वेगळें सांगावयास नको.

डॉलरचे रुपये कोणत्या भावानें मोजावे, हाहि एक बारीक प्रश्न आहे. बँक ज्या भावानें पैसे जमा करते तोच भाव कराच्या हिशेबांत चालतो असें पुष्कळांना वाटतें. पगाराच्या बाबतींत १९६२ च्या प्राप्तिकर नियमांनीं निराळी रीत घालून दिली: पगार ज्या महिन्यांत देय होतो त्याच्या मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीं स्टेट बँकेचा तारेच्या हुंडीचा जो खरेदीचा दर असेल तो. भारतांतील तारसेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली, तारमास्तर गेले, तारेच्या नुसत्या नांवानें घाबरणारीं माणसेंहि गेलीं. विनिमयाच्या दरांत तार अजून जिवंत आहे. आणखी एक बारकावा. मालकानें तीन हजार डॉलर पाठविले आणि वाटेंतील बँकांनीं आपली दलाली घेऊन २,९७० पोंचविले, तरी पगार तीन हजारांचाच धरावा लागतो. स्वतंत्र व्यावसायिक खर्चांचा पुरा हिशेब ठेवीत असेल तर ती दलाली त्याला खर्चांत दाखवितां येते. नोकरास ती सोय नाहीं.

पैसे आल्याबद्दल बँकेकडून परकीय चलन मिळाल्याचा दाखला मागून घेण्याची संवय लावावी. त्या दाखल्यावर पैसा कशासाठीं आला याचें एक ठराविक चिन्ह असतें. पगार, सल्ल्याची फी, घरखर्चासाठीं पाठविलेली रक्कम, या प्रत्येकाचें चिन्ह निराळें. बँकेचा मनुष्य घाईंत 'घरखर्च' असें लिहून टाकतो आणि खातेदार तिकडे पाहत नाहीं. पुढें मेहनताना कोणता व देणगी कोणती असा वाद निघाला तर तेंच चिन्ह आड येतें.

वस्तु व सेवा कर, म्हणजे लोक ज्याला जी. एस. टी. म्हणतात तो, नोकराला मुळींच लागत नाहीं; नोकरानें मालकास दिलेली सेवा हा त्या कायद्यानें व्यापार मानलेला नाहीं. स्वतंत्र व्यावसायिकाची गोष्ट वेगळी. परदेशच्या गिऱ्हाइकास पुरविलेली सेवा ही निर्यात ठरते, आणि निर्यातीवर कराचा दर शून्य. हें ऐकून कित्येकजण निश्चिंत होतात. परंतु दर शून्य असणें आणि नोंदणी नको असणें या दोन गोष्टी एक नव्हत. महाराष्ट्रांत व गोव्यांत सेवेची वर्षाची जमा वीस लाखांच्या वर गेली कीं, ती सगळी निर्यातीची असली तरी, नोंदणी करावी लागते. कर न भरतां निर्यात करण्यासाठीं दर आर्थिक वर्षास हमीपत्र द्यावें लागतें. आणि भरावयाचें कांहीं नसलें तरी विवरणपत्रें वेळेवर पाठवावीं लागतात. व्यावसायिक म्हणवून प्राप्तिकर वाचविणाऱ्यानें ही दुसरी बाजूहि पत्करली पाहिजे. एका कायद्यापुढें व्यावसायिक आणि दुसऱ्यापुढें नोकर, असें दोन तोंडांनीं बोलतां येत नाहीं. व्यवसायकर मात्र महाराष्ट्रांत नोकर व व्यावसायिक दोघांनाहि आहे. तो वर्षास अडीच हजार रुपयांच्या वर जात नाहीं, कारण राज्यघटनेनेंच ती मर्यादा घातली आहे.

परदेशी पेढ्या सरळ नोकर न ठेवतां कंत्राटाचा मार्ग कां धरतात, याचें कारण केवळ काटकसर नव्हे. एखाद्या देशांत पेढीचें कायमचें ठाणें आहे असें ठरलें तर त्या ठाण्याच्या नफ्यावर कर घेण्याचा हक्क त्या देशास पोंचतो. येथें बसलेला माणूस पेढीच्या वतीनें नेहमीं करारमदार करूं लागला तर त्याचें घरच तिचें ठाणें मानलें जाण्याचा धोका असतो. संगणकाचें काम करणाऱ्याविषयीं ही भीति थोडी. गिऱ्हाइकें मिळवून देणाऱ्या माणसाविषयीं बरीच. या भीतीवर तोडगा म्हणून एक मध्यस्थ निघालेला आहे. त्याला इंग्रजी व्यवहारांत 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' म्हणतात. ही भारतांत नोंदलेली पेढी असते. मुलगी कागदोपत्रीं तिची नोकर होते, काम मात्र परदेशच्या पेढीचें करते. मध्यस्थ पेढी रुपयांत पगार देते, कर कापते, भविष्यनिर्वाह निधि भरते, फॉर्म १६ देते, आणि या सर्वांचा खर्च व आपली फी परदेशी पेढीकडून वसूल करते. म्हणजे हरवलेला कारकून परत येतो; फक्त तो भाड्यानें आणलेला असतो.

यांत हातीं पडणारा पगार कमी दिसतो, आणि म्हणून तरुण मंडळी या व्यवस्थेस नाक मुरडतात. कमी दिसण्याचें कारण पाहिलें पाहिजे. निधीची मालकाची वर्गणी, ग्रॅच्युइटीची तरतूद, मध्यस्थाची फी, हें सर्व पेढी बहुधा एकाच ठरलेल्या रकमेंतून काढते. फी गेली ती गेली. पण निधि आणि ग्रॅच्युइटी हे त्या मुलीचेच पैसे असतात, ते फक्त म्हातारपणाकडे सरकविलेले असतात. पुरा पगार डॉलरमध्यें घेणाऱ्यास यांतलें कांहींच नाहीं. अमेरिकेच्या वार्धक्यविम्यांत त्याची वर्गणी जात नाहीं, म्हणून तेथील पेन्शन नाहीं. येथील निधींत त्याचें नांव नाहीं, म्हणून येथलेंहि नाहीं. भर रजेची, आजारपणाच्या पगाराची, नोटिशीची हमी करारांत लिहिली असेल तेवढीच. आणि करारावर बहुधा परक्याच राज्याचा कायदा चालतो. एका सकाळीं ई-मेलनें नोकरी संपली तर कोणत्या कोर्टाची पायरी चढावयाची, हें त्या करारांत पाहून ठेवावें. घराच्या कर्जासाठीं बँकेकडे गेल्यावर फॉर्म १६ नसल्यामुळें पूर्वीच्या वर्षांचीं विवरणपत्रें, चलनें आणि परकीय चलनाचे दाखले मागतात, हाहि अनुभव अशा लोकांना येतो. तेव्हां पंधरा वर्षांचें सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचें खातें किंवा राष्ट्रीय पेन्शन योजना, कांहीं तरी स्वतः उघडून त्यांत नियमानें पैसे टाकावे लागतात. मालकाची भर मिळणार नाहीं, म्हणून आपली दुप्पट असावी, हा हिशेब साधा आहे. तो करणारीं घरें थोडीं.

कांहीं पेढ्या पगाराच्या जोडीला आपले भाग देतात, आणि कांहीं लोक डॉलर परदेशी खात्यांतच राहूं देतात. भाग हातीं येतात त्या दिवशींच्या बाजारभावानें ते पगार समजले जातात. विकल्यावर नफा झाला तर त्यावर पुन्हां निराळा कर. त्या भागांवरील लाभांशावर अमेरिका करारान्वयें पंचवीस टक्के कापून घेते, आणि तो कर मात्र रीतसर असल्यामुळें येथील करांतून वजा मिळतो. भाग असोत कीं परदेशांतील खातें असो, येथील विवरणपत्रांत परदेशी मालमत्तेचें जें परिशिष्ट आहे त्यांत तें दाखविलेंच पाहिजे, मग त्यांत शंभर डॉलर कां असेनात. तें न दाखविल्यास २०१५ च्या कायद्यानें दहा लाख रुपये दंड सांगितला; १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावराखेरीज इतर मालमत्ता एकंदर वीस लाखांच्या आंत असल्यास त्या दंडांतून मोकळीक मिळाली आहे. दंड गेला, दाखविण्याचें कर्तव्य गेलें नाहीं.

राहिली ती जाण्यायेण्याची गोष्ट. देह जेथें काम करील तेथें कराचा प्रश्न उठतो, हें सूत्र उलटहि चालतें. येथील मुलीला पेढीनें तीन आठवडे अमेरिकेस बोलावलें आणि तिनें तेथें बसून काम केलें, तर त्या दिवसांचा पगार अमेरिकेंत उपजला असें होतें. थोड्या दिवसांच्या पाहुण्यास करारानें जी सूट आहे ती मालक त्या देशाचा नसेल तरच मिळते. येथें तर मालक तिकडचाच. पेढीला हें आधीं विचारून घ्यावें, आणि कोणत्या व्हिशावर काय करण्याची मुभा आहे हेंहि.

याच्या उलट, अमेरिकेंत नोकरीस असलेला मुलगा सणासुदीस किंवा वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठीं दोन महिने पुण्यास येतो आणि येथूनच आपलें काम चालू ठेवतो. त्या दिवसांची मेहनत भारतांत झाली, म्हणून एरव्हीं कर येथें लागावयाचा. पण मालक भारताचा नाहीं, येथें त्याचें ठाणें नाहीं, आणि मुक्काम करवर्षांत एकशेंत्र्याऐंशी दिवसांच्या वर गेला नाहीं, तर करारानें त्याला सूट आहे. मुक्काम लांबला आणि आर्थिक वर्षांत एकशेंब्याऐंशी दिवस भरले कीं तो भारताचा रहिवासी गणला जाऊं शकतो. येथील घरभाडें वगैरे उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असणाऱ्या भारतीय नागरिकास ही मर्यादा एकशेंवीस दिवसांवरच येते. आला तो दिवस आणि गेला तो दिवस मोजावा कीं नाहीं यावरून न्यायाधिकरणांपुढें वाद झालेले आहेत; म्हणून मर्यादेच्या अगदीं कडेला जाऊं नये, आणि विमानाचीं तिकिटें व पासपोर्टावरील शिक्के यांच्या नकला वडिलांच्या कपाटांत न ठेवतां स्वतःच्या कागदांत ठेवाव्या.